हरलेल्याच्या घरचे पोहे

राजखेडी विधानसभा मतदारसंघ काहीही आजार नसताना गेला. काल होता, आज पेपर उघडला तर नव्हता. परिसीमन नावाचं, मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखायचं काहीतरी दिल्ली-भोपाळकडे बरीच वर्षं चाललं होतं, पण ते आपल्या दारापर्यंत येईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. इंदूरच्या पश्चिमेकडच्या कॉलन्यांपासून हातोदच्या अलीकडच्या शेतांपर्यंत पसरलेल्या त्या मतदारसंघाचे तीन तुकडे झाले आणि तीन शेजाऱ्यांनी ते वाटून घेतले. सुहासिनीबाई तांबवेकरांच्या गल्लीची तर मधोमध फाळणी झाली. समोरच्या ओळीतल्या मंजिरीकडे विरजण मागायला जायचं म्हणजे आता दुसऱ्या मतदारसंघात जायचं. विरजण मिळत राहिलं, पण गटार तुंबलं की दोन्हीकडचे विधायक एकमेकांकडे बोट दाखवायला लागले. इंदुरात आमदाराला विधायक आणि भैयाला भिया म्हणतात, मराठी माणूससुद्धा तसंच म्हणतो, तेव्हा या गोष्टीतही तेच चालू द्या.

राजखेडी गेली त्याचं विधायकांना फारसं दुःख झालं नाही. त्यांना दुसरीकडे तिकिटं मिळतात. दुःख झालं ते एका रीतीचं, कारण ती दुसरीकडे कुठे नव्हती.

निवडणूक जिंकली की सगळीकडे हार घालतात, गुलाल उधळतात, ढोल बडवतात. राजखेडीतही हे सगळं होई, पण नंतर. आधी जिंकलेल्याने हरलेल्याच्या घरी जाऊन पोहे खायचे आणि मगच मिरवणूक काढायची. निवडणूक अधिकाऱ्याने हातात दिलेलं प्रमाणपत्र हा झाला सरकारी कागद. हरलेल्याच्या घरचे पोहे पोटात गेल्याशिवाय माणूस विधायक झाला असं राजखेडीत कुणी धरतच नसे.

ही रीत पहिल्या निवडणुकीपासूनची. तेव्हा हातोदकडचे गंगाराम पहिलवान निवडून आले आणि तात्या तांबवेकर वकील पडले. तात्यांच्या घराण्याने होळकर दरबाराच्या कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवलेली, त्यामुळे लोक आपल्याला घरबसल्या मतं देतील असा त्यांचा समज होता. लोकांनी दिली नाहीत. पहिलवानांची मिरवणूक नेमकी तात्यांच्या दारावरून निघाली आणि ढोलवाल्यांनी मुद्दाम तिथेच जोर केला. तेव्हा तात्यांच्या पत्नी, म्हणजे सुहासिनीबाईंच्या सासूबाई, पदर खोचून बाहेर आल्या. आता ही बाई काय बोलते म्हणून ढोल थांबले. त्या म्हणाल्या, "पहिलवान, सकाळपासून मतमोजणीला बसलाहात, पोटात काही आहे का? आत या, पोहे टाकते." पहिलवान चांगलेच वरमले. आत येऊन परातभर पोहे खाल्ले आणि निघताना तात्यांच्या पाया पडले. पुढे ते जिंकतच गेले आणि दर वेळी तात्यांच्या घरी पोहे खाऊनच मिरवणुकीला निघाले, कारण हे पोहे आपल्याला लाभतात अशी त्यांची श्रद्धा बसली. तात्यांची श्रद्धा काही वेगळी होती, पण ते हरतच राहिल्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

तात्यांच्या मागे हरायचं काम त्यांच्या मुलाने अंगावर घेतलं. बाळकृष्णराव कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. निवडणुकीबद्दल सगळं माहीत असलेला माणूस निवडून येत नाही, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं. चार वेळा अपक्ष उभे राहिले आणि चारही वेळा दुसरे आले. तिसरे आले असते तर सुहासिनीबाई सुटल्या असत्या, कारण पोह्यांचा मान दुसऱ्याच्या घरचा. पण नाही. सासूबाईंची कढई सुनेच्या हाती आली ती अशी.

पेपरवाल्यांनी राजखेडीचे विधायक त्यांच्या भाषणांवरून ओळखले. सुहासिनीबाईंनी ते पोह्यांवरून ओळखले, आणि त्यांची ओळख जास्त पक्की निघाली. पहिलवानांनंतर केसरीमलजी आले. जैन माणूस, कांदा नाही, बटाटा नाही, आणि इतके सौम्य की पोह्यांवर लिंबू पिळू का हेही विचारून घेत. भोपाळमध्येही ते तसेच सगळ्यांची परवानगी घेत बसले आणि पाच वर्षांत राजखेडीला एक नळही आला नाही. मग गिरणी बंद पडल्याच्या संतापात जनाबाई निवडून आल्या, एका गिरणी कामगाराची विधवा. त्या बैठकीत थांबल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, दार लोटून घेतलं आणि पाटावर बसून रडायलाच लागल्या. "वहिनी, भोपाळला जाऊन बोलायचं काय असतं ओ?" सुहासिनीबाईंनी नवऱ्याला आत बोलावलं. बाहेर मिरवणूक ताटकळत उभी आणि आत हरलेला उमेदवार जिंकलेल्या बाईला प्रश्नोत्तराचा तास म्हणजे काय ते समजावतोय, असं ते दृश्य होतं. त्या दिवशी बाळकृष्णरावांचा चेहरा कुठल्याही विजयी माणसापेक्षा उजळ दिसत होता. जनाबाईंनी सभागृहात असे प्रश्न विचारले की मंत्री त्यांना पाहून रस्ता बदलत. आता त्या नाहीत.

शेवटचे विधायक शामजी, हातोद रस्त्यावरचे. माळव्याचा माणूस, उंचापुरा आणि पोटभर बोलणारा. पहिल्याच खेपेला दोन बशा रिकाम्या केल्या आणि वर म्हणाले, "भाभीजी, पोहे तो बढ़िया हैं, पर इनमें इंदौर कां है?" शेव नाही, बडीशेप नाही, वर भुरभुरायचा जीरावन मसाला नाही, म्हणजे ते त्यांच्या लेखी पोहेच नव्हते. दुसऱ्यांदा जिंकले तेव्हा कुर्त्याच्या खिशातून स्वतःची शेव घेऊन आले. सुहासिनीबाईंना ते मनातून आवडले होते, पण ज्याने आपल्या नवऱ्याला दोनदा पाडलं त्याच्यापाशी हे बोलून कसं दाखवणार?

पाचव्या वेळेला मात्र वारं फिरलं होतं. शामजींवर लोक नाराज होते, भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे म्हणत होते की आता प्रोफेसर साहेबच. खुद्द शामजी रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले होते, "साहब, अबके आपकी बारी है." बाळकृष्णरावांनी नवा कुर्ता शिवून घेतला. आणि मतदारसंघच गेला. हरलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, पण ज्याच्या पायाखालची निवडणूकच काढून नेली त्याने कुठे उभं राहायचं? बाळकृष्णरावांनी त्यानंतर या विषयावर एक शब्द काढला नाही. बडबड्या माणसाचं ते गप्प राहणं सुहासिनीबाईंना इतकी वर्षं आतून पोखरत होतं.

अशात एका सकाळी उन्मेष आला. उन्मेष गल्लीच्या टोकाला ट्रॅव्हल एजन्सी चालवतो आणि उरलेल्या वेळात गल्लीचे सगळे कार्यक्रम चालवतो.

"काकू, एक जबरदस्त आयडिया आहे. मतलब, आपल्या राजखेडीचा इतिहास! सभागृहात मोठा कार्यक्रम करतोय, आणि भिंतीवर कायमचे फोटो. तुमच्याशिवाय सांगणार कोण? आपल्याकडे पोहे खाऊनच तर सगळे विधायक बने ना!"

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाळकृष्णराव पेपर वाचत होते. पेपरच्या मागून आवाज आला, "फोटो कुणाकुणाचे?"

"निवडून आलेल्यांचेच ना सर. पहिलवान, केसरीमलजी, जनाबाई, शाम भिया. खतम."

"योग्य आहे," पेपर म्हणाला, आणि किंचित वर सरकला. पुढे बराच वेळ पान उलटलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस त्या कागदामागे काय वाचत बसला असेल ते सुहासिनीबाईंना न बघता कळलं.

उन्मेष निघाला तशा त्या त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या. "यांचा फोटो लावत असशील तर मी सगळं सांगते. नाहीतर शोध तुझा इतिहास तूच."

उन्मेषने हात जोडले. "काकू, सरांबद्दल माझा पूरा रिस्पेक्ट आहे. पण हरलेल्यांचे लावले तर लाईन लागेल ना! तो टेंटवाला पण एकदा उभा होता, डिपॉझिट घालवून बसला. तो म्हणेल, माझा का नाही? हिस्ट्री म्हणजे जिंकलेलेच, काकू. मी काय करू!"

सुहासिनीबाईंना राग आला. आणि राग आला तरी शामजींना आमंत्रण द्यायला त्याच्या गाडीतून जायला त्या तयार झाल्या, कारण शामजींशी बोलायला उन्मेष घाबरत होता.

शामजींच्या फाटकावर पाटी होती, 'विधायक, राजखेडी'. पाटी नुकतीच रंगवलेली दिसत होती. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुर्च्यांच्या दोन रांगा मांडलेल्या, वर पंखा गरगर फिरत होता, आणि खुर्च्यांवर कुणीही नव्हतं. शामजींची पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा बेंगळुरूला. त्यांनी रविवारच्या कार्यक्रमाची पत्रिका हातात घेतली, चष्मा लावून वाचली, चष्मा काढला.

"भूतपूर्व विधायक?" ते म्हणाले. "भूतपूर्व कायका? किसने हराया मुझे?"

"भिया, सीटच नाही राहिली ना," उन्मेष चाचरत म्हणाला.

"सीट गई होगी. मैं तो यंईं बैठा हूँ. जो हारा नहीं वो भूतपूर्व कैसे? उनके घर पोहे खाए थे मैंने," त्यांनी सुहासिनीबाईंकडे बोट केलं, "मेरे घर आके किसी ने खाए? नहीं खाए. तो मैं हूँ अभी विधायक. पहले हराओ, फिर भूतपूर्व छापो!"

उन्मेषने कपाळावरचा घाम पुसला. सुहासिनीबाई मात्र त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होत्या. त्यांच्या घरी एक जण बसला होता ज्याला जिंकायचं राहून गेलं होतं, आणि इथे हा एक बसला होता ज्याला हरायचं राहून गेलं होतं. दोघांचीही खुर्ची हलत नव्हती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "इतवारी हरवतो तुम्हाला."

"कौन?"

"हे. आणखी कोण? तुमच्यासमोर दुसरं कुणी उभं राहिलंय कधी?"

शामजी आधी बघतच राहिले आणि मग खुर्चीचे हात धरून इतक्या मोठ्याने हसले की आतून कामवाली बाई बघायला आली. "मंजूर!"

परतीच्या वाटेवर उन्मेषला धड गाडी चालवता येईना. "काकू, तुम्ही ये क्या बोल गए?" सुहासिनीबाईंनी त्याला सगळं नीट समजावलं. कार्यक्रमाला राजखेडीचे जुने मतदार येतीलच. तिथेच पेटी ठेवायची, राजखेडीची शेवटची निवडणूक घ्यायची, आणि जो निवडून येईल तो शेवटचा प्रतिनिधी. जिंकलेल्याचा फोटो भिंतीवर. "तूच म्हणालास ना, हिस्ट्री म्हणजे जिंकलेले?" उन्मेषने थोडा विचार केला. कार्यक्रमाला गर्दी होईल हे त्याच्या ध्यानात आलं आणि तोही खूश झाला.

बाळकृष्णराव आधी भडकले. हा पोरखेळ आहे, लोकशाहीची चेष्टा आहे, आपण यात पडणार नाही, वगैरे. हे चहा संपेपर्यंत चाललं. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "चिन्ह कोणतं देणार आहेत?" मग कपाटातून जुना कुर्ता निघाला. तो परिसीमनाच्या वेळी शिवलेला, एकदाही न घातलेला. मग भाषण लिहायला सुरुवात झाली. मतदारसंघ ही संकल्पना ग्रीसपासून सुरू होत होती आणि पहिल्या दिवशी रोमपर्यंत आली होती.

"हे भाषण चार वेळा हरलंय," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"अगं, यात नवीन भर घातली आहे."

"तेच म्हणतेय मी."

पण त्या मनातून हरखल्या होत्या. नवरा आरशासमोर हात हलवून बघत होता, सकाळी फिरायला जाताना प्रत्येक बाकावर थांबून लोकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होता. मरगळ गेली होती. तो जिंकावा असं त्यांना पूर्वी कधी वाटलं नसेल एवढं आता वाटत होतं, कारण आता पुढची खेप नव्हती.

शुक्रवारी दुपारी सुहासिनीबाईंचा फोन वाजला.

"भाभीजी, पोहे कितनी देर भिगोते हैं?"

शामजींचा आवाज. सुहासिनीबाई सवयीने सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "तुम्हाला कशाला हवंय?"

पलीकडे खाकरणं झालं. "नहीं, वो ऐसा है... मैंने मेरे लोगों को बोल दिया है. प्रोफेसर साहब को डालना. अब तो घर में बनाना पड़ेगा ना. बाई छुट्टी पे है, तो मैं ही..."

सुहासिनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भाभीजी, मैं भी थक गया," शामजी हळू आवाजात म्हणाले. "रोज कुर्सियाँ लगवाता हूँ, कोई आता नहीं. कोई हरा दे तो उठूँ यां से."

बाहेरच्या खोलीत बाळकृष्णराव स्वतःच्या हाताने कुर्त्याला इस्त्री करत होते. एक बाही नीट करताना दुसरीला सुरकुती पडत होती आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. सुहासिनीबाईंना एवढंच करायचं होतं की पोह्यांची कृती सांगायची आणि फोन ठेवायचा. नवरा जिंकणार होता, भिंतीवर चढणार होता, त्याला कधी काही कळणार नव्हतं. त्यांना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगलाच झाला.

"शामजी," त्या शेवटी म्हणाल्या, "हे चार वेळा हरले, पण दया म्हणून यांना कधी कुणी मत दिलं नाही. ज्यांनी दिलं ते यांना हवे होते म्हणून दिलं. आता तुम्ही मुद्दाम हरलात आणि यांना कळलं, तर हे तुमच्या घरचे पोहे खाणार नाहीत, आणि माझ्या हातचेही नाहीत. लढायचं तर नीट लढा. नाहीतर पाटी काढा आणि स्वस्थ बसा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"और सच में हार गया तो?"

"हरलात तर पोहे भिजवायचे नाहीत. धुवायचे आणि चाळणीत निथळत ठेवायचे."

शनिवारी सकाळी गल्लीत ई-रिक्षा शिरली. वर कर्णा बांधलेला, बाजूला शामजींचा हात जोडलेला जुना फोटो, आणि "राजखेडी का एक ही नाम" अशी घोषणा इतकी कर्कश की मंजिरीने खिडक्या लावून घेतल्या. रिक्षा तांबवेकरांच्या दारासमोर मुद्दाम थांबली. बाळकृष्णराव गॅलरीत येऊन आनंदाने बघत राहिले. "घाबरलाय बेटा," ते म्हणाले. सुहासिनीबाई आत गेल्या, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं आणि धाकधूकही होत होती. आपण आपल्या हाताने नवऱ्याचा विजय धोक्यात घातला होता, आणि तो बिचारा खूश होता.

रविवारी सभागृह भरलं. जुन्या राजखेडीचे लोक कुठून कुठून आले, कुणी मानपुरहून मुलाला घेऊन, कुणी हातोदहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. समोर भिंतीवर चार फोटो आणि पाचव्याची रिकामी चौकट होती. शामजी जिंकले तर उन्मेष त्यांचाच दुसरा, मोठा फोटो तिथे लावणार होता.

आधी शामजी बोलले आणि झकास बोलले. पाण्याची टाकी कुणी आणली? मैंने. हातोद रस्त्यावरच्या ओढ्याची पुलिया कुणी बांधली? मैंने. शाळेवर दुसरा मजला कुणी चढवला? लोक माना डोलवायला लागले आणि सुहासिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून मंजिरी उठली.

"टाकी तुमचीच का भिया? ती गळते. केव्हाची गळतेय!"

"पुलिया भी बैठ गई," ट्रॉलीवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

"शाळेच्या दुसऱ्या मजल्याला जिना नाही," तिसरा.

मग धरबंद राहिला नाही. मतदारसंघाचे तुकडे झाल्यापासून कुणाला धरावं हे लोकांना कळत नव्हतं. आज इतक्या वर्षांनी एक विधायक समोर उभा सापडला होता आणि तोही मैंने, मैंने म्हणत. शामजी दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत करत होते, आणि गंमत म्हणजे त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांच्याकडे एवढ्या तक्रारी एकदम कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या.

बाळकृष्णराव हातात भाषणाची चळत घेऊन उठले. माइकपाशी गेले, पहिल्या पानाकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं आणि चळत कुर्त्याच्या खिशात कोंबली.

"मी आजवर काहीही केलेलं नाही," ते म्हणाले. "त्यामुळे माझं काही गळत नाही आणि काही खचत नाही."

आणि खाली येऊन बसले. मग जे हसू फुटलं ते मागच्या रांगेपर्यंत जाऊन परत आलं. हातोदवाले तर बाकं बडवायला लागले. बाळकृष्णरावांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण होतं ते, आणि त्यात ग्रीस नव्हतं.

लाडवांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. उन्मेष एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचत होता. शामजी, सर, सर, शामजी. बराच वेळ दोघे बरोबरीने चालले होते. मग शेवटच्या काही चिठ्ठ्या लागोपाठ सर, सर अशा निघाल्या आणि डबा रिकामा झाला.

सभागृहात गलका उठला. बाळकृष्णराव उठून उभे राहिले, कुर्ता सारखा केला आणि हसतमुखाने शामजींचं अभिनंदन करायला निघाले. सवयच ती. अर्ध्या वाटेत शामजींनीच त्यांना मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना समजलं. इकडे सुहासिनीबाईसुद्धा पिशवी उचलून घराकडे निघाल्या होत्या. पोहे धुवायचे होते ना. मंजिरीने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. "काकू, तुम्ही जिंकलात!" मग मात्र त्यांच्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना.

शामजी गाडीतून पुढे गेले. मागून सगळी वरात त्यांच्या घरी पोचली तेव्हा आतून फोडणीचा वास येत होता आणि खुर्च्यांच्या दोन्ही रांगा पुरत नव्हत्या. शामजींनी बाळकृष्णरावांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि बशी हातात दिली. बडीशेप होती, शेव होती, वर जीरावन भुरभुरलेलं. काही ठिकाणी गोळे झाले होते, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या मानाने बरेच मोकळे होते.

"वा शामजी, उत्तम!" बाळकृष्णराव म्हणाले. घास अजून तोंडात जायचा होता. लोकांनी त्यांना घेरलं होतं. कुणी फोटो काढत होता, कुणी टाकीचं सांगत होता, आणि ते मान हलवत "बघतो, तिन्ही विधायकांना घेऊन बैठक लावू" असं म्हणत होते. आवाजही जरा भारदस्त झाला होता. दोन-तीन घास कसेबसे गेले. बाहेर ढोल वाजायला लागला तसे ते अर्धी बशी तशीच कुणाच्या तरी हातात देऊन उठले. ती बशी आली सुहासिनीबाईंच्या हातात. कुणाच्या हातात दिली ते बाळकृष्णरावांनी पाहिलंही नाही. लोकांनी त्यांना ई-रिक्षात चढवलं, गुलाल उडाला आणि वरात निघून गेली.

घर एकदम रिकामं झालं. सुहासिनीबाई बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चाळीसहून जास्त वर्षं ज्याला जिंकलेला बघायचं होतं तो जिंकला होता आणि जिंकलेल्या माणसासारखाच निघून गेला होता. त्यांना राग आला, हसू आलं आणि त्यातल्या त्यात हसू जास्त आलं.

आत ओट्यापाशी शामजी झारा हातात धरून उभे होते. इतका मोठा माणूस, पण पुढे काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"भाभीजी, अब क्या करते हैं?"

"अब दरवाज़ा लगा देते हैं," सुहासिनीबाई म्हणाल्या, "नहीं तो ढोल दूर तक सुनाई देता है."

शामजींनी जाऊन दार लावलं. परत आले आणि ओट्याला टेकले. मग म्हणाले, "मैं दो बार आया था आपके यां. खा के चला गया. बुरा लगता था आपको?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. खाऊन गेलेल्यांनी नाही आणि हरलेल्यानेही नाही.

"लगता था," त्या म्हणाल्या. "बहुत लगता था. पर पोहे अच्छे बनते थे ना, तो किसी को दिखता नहीं था."

शामजींनी मान खाली घातली. सुहासिनीबाईंनी त्यांच्या हातातला झारा घेतला, दोन स्वच्छ बशा काढल्या. एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि उन्मेष धापा टाकत आत आला. पार केसांपर्यंत गुलाल.

"काकू, चला! सर कोपऱ्यावर उतरून उभे राहिलेत. म्हणतात, ही कुठेय? तुम्ही आल्याशिवाय मिरवणूक एक पाऊल पुढे नाही जाणार. सगळे थांबून आहेत काकू, जल्दी!"

"त्यांना म्हणावं, थांबा तसेच," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आमचं खाणं व्हायचंय."

"पण काकू, ढोलवाले..."

"ढोलवाल्यांनाही सांग."

उन्मेष गेला. कोपऱ्यावरचा ढोल आणखी थोडा वाजला आणि बंद पडला. सुहासिनीबाईंनी आधी शामजींना वाढलं आणि मग आपली बशी भरून घेतली.